घोडा उधळला की बसून राहणारा कुत्रा

सेलू तालुक्यातून एका भाऊंचा प्रश्न आला आहे. बोरच्या जंगलापासून पाच-सहा किलोमीटरवर त्यांचं सात एकर वावर आहे. तिथे तबेला बांधून त्यांनी पाच जनावरं ठेवली आहेत: तीन मारवाडी घोड्या, त्यातल्या एकीचं चार महिन्यांचं शिंगरू आणि वरातीला जाणारी एक पांढरी घोडी. नऊ वर्षांची मुलगी घोड्यावर बसायला शिकते आहे. राखणीला आणि घोड्यांच्या सोबतीला त्यांना कुत्रा पाहिजे. नागपूरच्या एका मित्राने रॉटवायलर सुचवला, पुतण्या मोबाइलवर बॉर्डर कॉली दाखवतो आणि घरची म्हातारी म्हणते, गावातलंच पिल्लू आणा. तर कोणती जात घ्यावी, असं त्यांनी विचारलं आहे.

भाऊ, म्हातारीचं बरोबर आहे. पण तिचं कारण वेगळं असेल (फुकट मिळतं, भाकर-वरणावर राहतं) आणि माझं वेगळं आहे. ते सांगायला जरा लांबून यावं लागेल.

मी सव्वीस वर्षांपासून हिंगणघाट-समुद्रपूर पट्ट्यात ढोरांची डॉक्टरकी करतो. घरी दोन घोड्या आहेत. कुत्र्यापायी जखमी झालेले घोडे मी बरेच पाहिले, पण त्यात कुत्रा चावलेले थोडे. कुत्रा मागे लागला, घोडा उधळला आणि काटेरी तारेत घुसला, हीच गोष्ट पुन्हा पुन्हा. त्यातली एक माझ्याच घरची. सुरुवातीच्या वर्षांत मी हौसेने एक अल्सेशियन, म्हणजे जर्मन शेफर्ड, आणला होता. देखणा, हुशार, सांगितलेलं सगळं ऐकणारा. माझी दोन वर्षांची तरणी घोडी संध्याकाळी लांब दोरीवर गोल फिरवत होतो. तिने आनंदाने दोन दुगाण्या झाडल्या आणि वेग घेतला. ओट्यावर बसलेला कुत्रा गोळीसारखा सुटला. हाका मारून मारून घसा बसला, पण त्याच्या कानात काही शिरेना. दोर हातातून निसटला आणि घोडी धुऱ्यावरच्या तारेत गेली. पुढच्या पायाला गुडघ्याखाली हाडापर्यंत चिरा पडल्या. तिथे घोड्याला मांस नसतं, कातडीखाली लगेच हाड आणि शिरा. जखम भरताना वरून लाल मांस वाढत जातं, ते पुन्हा पुन्हा छाटावं लागतं. अडीच महिने ड्रेसिंग केलं आणि घोडी जन्मभर त्या पायाने थोडी अडखळत राहिली. कुत्र्याचा दोष नव्हता. पळत्या जनावरामागे धावणं त्याच्या रक्तातच होतं. मी फक्त त्याचं रूप पाहून त्याला आणला होता.

तेव्हापासून घोडे असलेल्या घरी कुत्रा घेताना मी एकच गोष्ट पाहतो: घोडा पळाला की हा काय करतो? जो बसून राहतो तो कामाचा. मग त्याची जात कोणतीही असो.

घोडा हे पळून जीव वाचवणारं जनावर. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. पण अगदी शेपटीमागे आणि नाकाच्या खाली त्याला दिसत नाही. कुत्रा नेमका तिथेच जातो. मागून येऊन टाच हुंगतो, नाहीतर तोबऱ्याखाली सांडलेला दाणा वेचायला तोंडाशी जातो. मोकळा घोडा बुजला तर चार उड्या मारून थांबतो. अगाडी-पिछाडी बांधलेल्याला पळता येत नाही, मग तो लाथच मारतो. साडेतीनशे-चारशे किलोच्या घोडीची लाथ वीस किलोच्या कुत्र्याच्या बरगडीत बसली तर डॉक्टरच्या हाती फारसं काही राहत नाही.

आता बॉर्डर कॉली. हा मेंढ्या वळणारा कुत्रा, स्कॉटलंड-इंग्लंडच्या सीमेवरच्या डोंगराळ भागातला. अंग दबवून, नजर रोखून तो जनावराला हलवतो. त्याची पूर्ण अक्कल त्या एका कामात आहे आणि तुमच्याकडे ते काम नाही. मग तो घोड्या वळायला लागतो. मेंढरू नजरेला घाबरतं. घोडी मात्र एकदा घाबरते, दुसऱ्यांदा कान मागे टाकते आणि तिसऱ्यांदा लाथ घालते. वर तुमची पोरगी बसलेली असताना हे झालं तर काय, हा विचार मला करवत नाही. वळणाऱ्या कुत्र्यांमध्येच टाचेला चावे घेणारे आणखी वेगळे: कॉर्गी, ऑस्ट्रेलियन कॅटल डॉग. ढोरांसाठी ते ठीक, घोड्यांजवळ नको.

कॉलीच्या खानदानाबद्दल आणखी एक गोष्ट आहे, ती घोडेवाल्यांना कोणी सांगत नाही. घोड्याच्या जंताच्या पेस्टमध्ये बहुतेक वेळा आयव्हरमेक्टिन असतं. रफ कॉली, ऑस्ट्रेलियन शेफर्ड अशा जातींमधल्या बऱ्याच कुत्र्यांच्या एका जनुकात दोष असतो. त्यामुळे हे औषध त्यांच्या मेंदूत शिरतं आणि बाहेर निघत नाही. बॉर्डर कॉलीत हा दोष कमी, पण आहे. हिशेब करून बघा. चारशे किलोच्या घोडीला ८० मिलीग्राम औषध लागतं. जनुकात दोष असलेल्या वीस किलोच्या कुत्र्याला त्यातलं दोन मिलीग्रामही धोक्याचं, म्हणजे तिच्या डोसचा चाळिसावा भाग. घोडी पेस्ट अर्धी थुंकते, ती जमिनीवर पडते, कुत्रा चाटतो. औषध दिल्यावर दोन-चार दिवस लिदीतूनही ते बाहेर पडत असतं आणि घोड्याची लीद न खाणारा कुत्रा मी अजून पाहिलेला नाही. एका फार्महाऊसवर अशीच रफ कॉली मी पाहिली. लाळ गळत होती, बाहुल्या मोठ्या झालेल्या, डोळ्यांपुढे हात हलवला तरी पापणी हलेना, मग फिट. याला नेमका उतारा नाही. सलाइन लावा, कूस बदलत राहा आणि वाट पाहा. नऊ दिवसांनी ती उठली, हे तिचं नशीब. गावठी कुत्र्यालाही पेस्टचा मोठा गोळा चाटला तर थरथर सुटते, म्हणून जंताच्या दिवशी कुत्रा कोणताही असो, बांधून ठेवा आणि सांडलेली पेस्ट पुसून घ्या.

याच्या उलटंही होतं. कुत्र्याच्या आणि ढोरांच्या गोचिडांवर अमिट्राझचं औषध पाण्यात कालवून लावतात. दुकानात सहज मिळतं. उरलेलं पाणी घोड्यावर ओतायचा मोह आवरा. अमिट्राझने घोड्याच्या आतड्याची हालचाल थांबते, लीद अडकते, पोट फुगतं आणि घोडा लोळायला लागतो. अशा दोन घोड्यांपैकी मला एकच वाचवता आला.

रॉटवायलरवर मी फार लिहीत नाही. काळा, जाडजूड, मे महिन्यात धापा टाकणारा कुत्रा. नवतप्यात आपल्याकडे पारा ४५-४६ ला टेकतो आणि कुत्र्याला घोड्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणं एवढंच त्याच्या हातात असतं. पण उन्हापेक्षाही मला तुमच्या दारातल्या वर्दळीची काळजी आहे. नालबंद येतो, कुटाराची ट्रॉली येते, वरातीची घोडी ठरवायला लग्नघरचे पाच-सात जण न सांगता येऊन उभे राहतात. त्यांच्यातला कोणी चावला गेला तर दवाखान्याचा खर्च तुमचा आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली जबाबदारीही तुमची. असा कुत्रा सांभाळायला रोज दोन तास देणारा अनुभवी माणूस लागतो. तुमचा सालदार पहाटे चारला उठून पाच घोड्यांची लीद काढतो, त्याच्या मागे आणखी हे कशाला?

हस्की आणि सेंट बर्नार्डचं नाव कोणी काढलं तर त्याला मे महिन्यात तुमच्या टिनाखाली स्वेटर घालून बसवा.

लॅब्राडॉर मुलांसाठी चांगला, स्वभावाने गोड. पण राखणीला शून्य, दोन वर्षांत लठ्ठ होतो आणि तबेल्यात राहिला तर दिवसभर लीद खात फिरेल. जर्मन शेफर्ड शिकवला तर शिकतो. माझा शिकला नाही, कारण मी त्याला घोड्यांजवळ वागायला शिकवलंच नव्हतं. आता कोणी मागितला तर सांगतो, आखूड केसांचा घ्या, आईबापाचे कमरेचे एक्स-रे मागा आणि पहिले सहा महिने रोज तासभर त्याच्यासाठी काढा. डालमेशियन मात्र खरोखर घोड्यांबरोबरचा कुत्रा. युरोपात बग्गीच्या बाजूने, आसाखाली धावायला तो पाळायचे. घोड्याशेजारी धावतो, त्याच्यामागे लागत नाही. केस आखूड, उन्हाला बऱ्यापैकी टिकतो. अडचण ही की त्या जातीत जन्मजात बहिरेपणा पुष्कळ आणि मूतखड्याचा त्रासही. बहिरं पिल्लू ओळखायला तपासणी लागते. ती न करता विकणारे बरेच आहेत. ऐकू न येणारा कुत्रा तबेल्यात म्हणजे लाथेची वाट पाहणारा कुत्रा.

देशी जातींबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण कोणी तरी मुधोळ किंवा कारवान सुचवेलच. मला हे कुत्रे फार आवडतात. सडपातळ, ऊन सहन करणारे, थोड्या अन्नावर राहणारे. कर्नाटकातल्या मुधोळचे कुत्रे लष्करानेही मेरठला नेऊन तपासले आहेत. पण हा नजरेने शिकार करणारा कुत्रा. पळतं दिसलं की सुटला. तुमच्याकडे पळणारं काय काय आहे बघा: शिंगरू, ससा, रोही, काळवीट. जंगलाच्या काठावर कुत्र्याने काळवीट धरलं तर प्रकरण वनखात्याकडे जातं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात कुत्र्यांनी पाठलाग करवणंही शिकारीतच धरलं आहे. शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतीला, जाणारे शौकीन मला सांगतात, आमचा मुधोळ घोड्याशेजारी मस्त धावते. धावतो ना. उद्या त्याच्यापुढून शिंगरू धावलं की तो शेजारी राहील की मागे लागेल, हे तेही सांगू शकत नाहीत.

मग गावठी. "गावठी" म्हणजे चौकातलं कोणतंही पिल्लू असा अर्थ घेऊ नका. गुराख्याच्या किंवा गवळ्याच्या गोठ्यात व्यालेली कुत्री शोधा. तुमच्या शेजारच्या आर्वी-कारंजा भागात गवळाऊ गाई पाळणारी घरं आहेत. हिवाळ्यात काठेवाडी मेंढपाळ मेंढरं घेऊन उतरतात. त्यांच्या तळावरची पिल्लं मेंढरांच्या पायातच वाढतात. पिल्लाचे तिसऱ्यापासून चौदाव्या आठवड्यापर्यंतचे दिवस फार मोलाचे. त्या दिवसांत जे जे त्याच्याजवळून गेलं, ते त्याला जन्मभर घरचं वाटतं. ढोरांच्या खुरांतून वाट काढत वाढलेलं पिल्लू मोठ्या जनावराला घाबरत नाही आणि त्याच्यामागेही लागत नाही. हे शिकवून येत नाही, किंवा फार कष्टाने येतं.

पिल्लू बघायला जाल तेव्हा आधी आई बघा. ढोरं चरायला सुटतात त्या वेळी जा. आई भुंकत ढोरांच्या अंगावर जाते की बाजूला सरून बसते? ती बसली तर पिल्लांकडे वळा. मग एक स्टीलची थाळी जमिनीवर टाका. दचकून मागे जाणारं आणि मग हळूच येऊन थाळी हुंगणारं पिल्लू उचला. कोपऱ्यात दडून बसलेलं घेऊ नका आणि दात दाखवत थाळीवर धावलेलंही नको. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नका. आमच्याकडच्या एका गुराख्याने मला हेच एका वाक्यात सांगितलं होतं: "डॉक्टरसाहेब, जे पोट्टं आवाज झाल्यावर पयते आन् परत येते, थेच ठेवा."

गावठीतही खोट आहेच. मोकळं सोडलं तर ते गावभर फिरतं, टोळीत मिसळतं आणि टोळीत गेलेला कुत्रा घरचा राहत नाही. म्हणून दोनच ठेवा. तिसरा आला की माझ्या अनुभवात त्यांचा घोळका होतो आणि एकाने धाव घेतली की तिघे धावतात. एक कुत्री, एक कुत्रा असेल तर दोघांचं ऑपरेशन करून घ्या. कुत्री माजावर आली की गावातले आठ-दहा कुत्रे तुमच्या फाटकाशी रात्रभर भांडणार. घोड्या रात्रभर उभ्या राहतील, शिंगरू घाबरून तारेशी जाईल. नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात हे ऑपरेशन होतं, वर्ध्यातही करणारे डॉक्टर आहेत.

आणि बिबट. बोरच्या काठावर राहता म्हणजे हा विषय टाळता येत नाही. बिबट कुत्र्यासाठीच गावात येतो. साखळीला बांधलेला कुत्रा म्हणजे त्याच्यासाठी वाढून ठेवलेलं ताट. रात्री कुत्र्यांना टिनाच्या, लोखंडी जाळीच्या बंद खोलीत ठेवा, तबेल्याला लागून. तिथून ते भुंकतील, आणि कुत्र्याचं काम तेवढंच. भुंकला की उठून टॉर्च मारणारा माणूस पाहिजे. बिबट्याशी लढणारा कुत्रा ही गप्पा मारायची गोष्ट आहे. मोकळे ठेवायचेच असतील तर बाहेर खिळे असलेला गळपट्टा घाला, पण शिंगरू रात्री बंद भिंतीच्या आत, आईजवळच पाहिजे. झटका मशीनची तार तुमच्याकडे असेल तर तिच्या आत लाकडी आडवे दांडे लावून घोड्यांचं कुंपण वेगळं करा, म्हणजे उधळलेली घोडी तारेपर्यंत पोहोचणार नाही.

लसीकरणात कंजूषी नको. रेबीजची लस तीन महिन्यांना आणि मग दर वर्षी, घोड्यांनाही द्या. पिसाळलेला कुत्रा घोड्याला बहुतेक तोंडावर चावतो, कारण घोडा खाली वाकून हुंगायला जातो. रेबीज झालेला घोडा सुरुवातीला पोटदुखीसारखा वाटतो आणि मग माझ्यासारखा माणूस त्याच्या तोंडात हात घालतो. मी स्वतः लस घेतली आहे, तुमच्या सालदारालाही द्या. डिस्टेंपरची लस कुत्र्याला जंगलासाठीही द्यायची. २०१८ साली गीरमध्ये सिंह मेले, त्यात याच विषाणूचा हात होता. बोरमधले वाघ तुमच्या कुत्र्यांपासून फार लांब नाहीत.

सर्रा हा रोग घोडा आणि कुत्रा दोघांनाही होतो. मोठ्या चावऱ्या माशा तो पसरवतात, पावसाळ्यात आणि त्याच्या नंतर जास्त. कुत्र्याच्या डोळ्यावर निळसर सारा आला, ताप आला, तोंड-पाय सुजले तर फक्त कुत्र्याचा इलाज करून थांबू नका. त्याच दिवशी घोड्यांचं रक्त तपासा. कुत्रा इथे तुम्हाला घोड्यांच्या आधी सूचना देतो. याशिवाय वावरात घोणस, म्हणजे आपली परड, असते. कुत्रा नाक घालतो आणि थोबाड सुजवून येतो. तेव्हा हळद लावत बसू नका, गाडी काढा.

पिल्लू आणलं की पहिले दोन आठवडे घोडा बंद ठाणात आणि पिल्लू दोरीने तुमच्या हातात. घोडा हुंगेल, फुरफुरेल. पिल्लू बसलं की भाकरीचा तुकडा द्या, ताणलं की मागे चाला. मग घोडी लांब दोरीवर चालवा, पिल्लू पंधरा-वीस पावलांवर दुसऱ्या माणसाजवळ बसलेलं. आधी चालीवर, मग दुडकीवर, मग चौखूर. प्रत्येक पायरीला आठवडा लागला तरी लागू द्या. घोडी चौखूर पळत असताना कुत्रा जांभई देईल, त्या दिवशी दोरी सोडा, तोवर नाही. मुलीला घोड्यावर बसवाल तेव्हा मात्र वर्षभर तरी कुत्रे बंदच ठेवा, कितीही शहाणे झाले तरी. नाल ठोकायच्या दिवशी नखांच्या कापच्या कुत्र्याला फार आवडतात. चघळू द्या, पण खिळे वेचून घ्या. आणि कुटाराच्या ढिगावर कुत्र्याला झोपू देऊ नका, घाण तिथेच करतो आणि तेच सगळं ढोरांच्या पोटात जातं.

तबेल्यातल्या उंदरांसाठी विदेशात छोटे टेरियर ठेवतात. त्यासाठी दोन मांजरी ठेवा. घोड्यांना मांजर आवडते, माझी एक घोडी तर मांजर पाठीवर चढल्याशिवाय झोपत नाही.

गावठी कुत्र्यांची पिल्लं आपल्याकडे बहुधा दिवाळीनंतर, थंडीत होतात. म्हणजे तुम्हाला अजून वेळ आहे. तोवर आतलं दांड्यांचं कुंपण करून घ्या आणि मागच्या बाजूची खालची काटेरी तार काढून टाका. शिंगरू तिथेच लोळतं असं तुम्ही लिहिलंय.